आत म्हणजे कुठे?

“त्याला एकदा आत टाकून द्या सर, म्हंजे डोकं ठिकाणावर येईल,” कुंभारीच्या घरकुलात एक अक्का मला म्हणाल्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. बोलताना हात थांबले नव्हते. पान वळलं, दोरा बसला, तोंड मुडपलं, विडी सुपात पडली. बोलणं चाललं होतं ते त्यांच्याच मुलाविषयी. आधी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, मग कसल्याशा दुखण्यावरच्या गोळ्या, मग घरातली भांडी कमी होऊ लागली.

“आत म्हणजे कुठे?” मी विचारलं.

त्या क्षणभर थांबल्या. “आतच की. जिथं टाकतात तिथं.”

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत विडी कामगार बायकांची १०,००० घरं उभी आहेत. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव असलेल्या या वसाहतीतल्या घरांच्या किल्ल्या १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि लाल बावट्याची युनियन यांच्या मागे वर्षानुवर्षं मोर्चे काढणाऱ्या बायकांनी ही घरं मिळवली. घरात तेलुगू, बाजारात मराठी, कुणाकडे कन्नड, कुणाकडे दखनी. एकटीनं काही मिळत नाही, हे या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. पण त्याच बायका व्यसनी मुलाच्या बाबतीत एकट्या पडतात आणि ‘आत टाका’ म्हणतात, तेव्हा त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. त्यांना दुसरं ‘आत’ कुणी दाखवलेलंच नसतं.

सोलापूरकराला ‘आत’ म्हटलं की येरवडा आठवतो. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. येरवड्याचा दुसरा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, वेड्यांचं इस्पितळ. याच येरवड्यात १९८६ साली तिसरं एक ‘आत’ तयार झालं. ते कसं झालं, आणि कायद्याची व त्याची भेट का झाली नाही, ही गोष्ट मला सांगायची आहे. पण ती सुरू होते त्याच्याही साठ-पासष्ट वर्षं आधी, अफूच्या एका गोळीपासून.

बाळगोळी हे नाव आता फार थोड्यांना आठवत असेल. गिरणीत दहा-दहा तास उभी राहणारी बाई तान्ह्या मुलाला घरी ठेवून जाई, आणि ते रडू नये, भुकेनं व्याकूळ होऊ नये म्हणून त्याला अफूची इवलीशी गोळी चाटवून निजवी. १९२२ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीकामगार बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी लिहिलं, की या बायकांच्या शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. हा आकडा वाचताना आईला दोष द्यावासा वाटतो, पण तिला सुटी नव्हती, पाळणा नव्हता, घरात दुसरं माणूस नव्हतं. म्हणून चर्चा अखेर गोळीवरून पाळण्याकडे वळली. १९३४ च्या कारखाने कायद्यानं बायकांची संख्या ५० हून जास्त असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचं करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. अफू काढून घ्यायची तर तिच्या जागी मूल सांभाळणारं कुणी द्यावं लागतं, एवढं त्या काळच्या कायद्याला कळलं होतं.

पन्नास वर्षांनी आलेल्या कायद्याला मात्र ते उमगायला वेळ लागला.

१९७९ हे वर्ष आपल्यापासून फार दूरच्या घडामोडींचं. इराणात क्रांती झाली, पाकिस्तानात झिया उल हक यांनी अफूवर बंदी आणली, वर्षअखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूचे जुने रस्ते तुटले आणि नवे फुटले. त्यातला एक मुंबईवरून जात होता. परदेशी निघालेला माल वाटेत सांडू लागला. १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत डोंगरी, पायधुणीच्या गल्ल्यांतून तो उपनगरांत गेला, तिथून पुण्यात. माल म्हणजे कच्ची, भेसळीची, मातकट रंगाची हेरॉईन. बाहेरच्यांनी तिला ब्राउन शुगर म्हटलं, आपल्याकडे ती गर्द झाली आणि ती ओढणारा गर्दुल्ला. सिगारेटच्या पाकिटातली पन्नी, पन्नीवर चिमूटभर पूड, खाली काडी, आणि वितळून पळणाऱ्या थेंबामागे तोंडातली नळी. सुई नाही, वास नाही. पालकांना कळेपर्यंत महिने जात.

दारूचं व्यसन महाराष्ट्राला ठाऊक होतं. त्याच्यासाठी शिव्या होत्या, कीर्तनं होती, दारूबंदी होती. गर्दसाठी शब्दच नव्हते. दारुडा होण्यात वर्षं जातात, गर्दला काही आठवडे पुरत. पुडी मिळाली नाही तर जे सुरू होई त्याला मुलं ‘टर्की’ म्हणत: नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं ठेचल्यासारखी दुखणं, उलट्या, जुलाब, झोप नाही. ही टर्की टळावी म्हणून पुढची पुडी. मजेचा भाग कधीच संपलेला असे. कॉलेजातला मुलगा, गिरणीच्या १९८२ च्या संपात रिकामा झालेला तरुण, हमाल, डॉक्टरांचा मुलगा, सगळे एकाच पन्नीवर वाकलेले. वांद्र्याचे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. पण मराठी घरांपर्यंत ही गोष्ट पोचली नव्हती.

आता दिल्ली. २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत एक विधेयक मांडलं गेलं, १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरला कायदा अंमलात आला. एवढा कडक कायदा एवढ्या घाईत. अंमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे सगळे ज्याला एनडीपीएस म्हणतात तो. शिक्षा किमान १० वर्षं, दंड किमान १ लाख रुपये. स्वतः ओढण्यापुरता माल ‘अल्प प्रमाणात’ सापडला तर कलम २७ खाली शिक्षा कमी, हेरॉईनला एक वर्षापर्यंत. पण अल्प म्हणजे किती? हेरॉईनसाठी सरकारनं ठरवलं २५० मिलिग्रॅम, ग्रॅमचा चौथा हिस्सा. मुरलेल्या गर्दुल्ल्याचा दिवसाचा ऐवजही त्यात बसेना. शिवाय हा माल माझ्याच ओढण्यासाठी होता, हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. विकणारा आणि ओढणारा यांच्यातली भिंत इतकी पातळ, की टर्कीत कुडकुडणारा मुलगा एका जास्तीच्या पुडीपायी दहा वर्षांच्या कलमात जाऊन पडे.

याच कायद्यात कलम ३९ होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आहे. कलम २७ खाली दोषी ठरलेला माणूस व्यसनी आहे असं न्यायालयाला दिसलं, तर त्याचं वय, चारित्र्य, पूर्वायुष्य, शरीराची आणि मनाची अवस्था पाहून न्यायाधीश त्याला लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीनं, सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारासाठी पाठवू शकतात. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल घेऊन त्यानं हजर व्हायचं. अहवाल पाहून समज देऊन, तीन वर्षांपर्यंतचं हमीपत्र लिहून घेऊन, त्याला सोडता येतं. १९८५ सालचं हे भारतीय कलम, त्यात दुसऱ्या ‘आत’चं दार आहे. जगात ज्याला व्यसनमुक्ती न्यायालय म्हणतात त्याचं बीज यात होतं. पण दार उघडून माणसाला धाडायचं कुठे? महाराष्ट्रात गर्दुल्ल्याला घेणारी जागा नव्हतीच म्हटलं तरी चालेल. इस्पितळं घेत नसत, घेतलं तर मनोरुग्णांत ठेवत.

डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट स्वतः डॉक्टर, पण दवाखाना सोडून माणसांबद्दल लिहिणारे. हमाल, विडी कामगार, देवदासी, हळदीच्या कोठारांत राबणारे, अशांमध्ये जाऊन बसायचं आणि जे दिसलं ते साध्या वाक्यांत मांडायचं. ओळखीतल्या एका घरातला मुलगा गर्दला लागल्याचं कळलं आणि अवचट त्या दुनियेत उतरले. अड्ड्यांवर गेले, मुलांशी बोलले, आयांशी बोलले. त्यातून लेख झाले, आणि पुढे ‘गर्द’ हे पुस्तक. मराठी मध्यमवर्गाला पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न फुटपाथवरचा नाही, आपल्या जिन्यातला आहे.

ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. उपचारासाठी एखादं केंद्र काढता येईल का, हा विषय निघाला आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठाननं एक लाख रुपये दिले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. विनोदी लेखकाच्या पुस्तकांचा आणि नाटकांचा पैसा, सरकारी आवारातली जागा, एका सरकारी डॉक्टरीणबाईंची धडाडी आणि एका पत्रकाराची लेखणी. यात कुणी मंत्री नव्हता, मोठी योजना नव्हती. मला यात महाराष्ट्राची एक जुनी सवय दिसते. महर्षी कर्वे बाईमाणसांच्या शिक्षणासाठी वर्गणी मागत फिरले, भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगला गावोगावहून धान्य आलं, त्याच वळणाचं हे काम.

अनिताताईंना सगळे ‘मोठ्या मॅडम’ म्हणत. व्यसन हा आजार आहे, गुन्हा किंवा पाप नव्हे, हे त्यांनी धोरण म्हणून भिंतीवर लिहिलं नाही, वागून दाखवलं. इथे आलेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणायचं. टर्कीच्या पहिल्या दिवसांत औषधं, देखरेख. ती ओसरली की खरं काम. पाच आठवड्यांचा मुक्काम. सकाळी व्यायाम, योग, झाडलोट, स्वयंपाकघरात मदत, गटात बसून बोलणं, गाणं, डायरी. ज्या मुलानं वर्षभर वेळेवर जेवण केलेलं नाही, त्याला ताट मांडायला लावणं हा उपचारच असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो यातून बाहेर पडला त्यालाच समुपदेशक म्हणून कामावर घेणं. पलंगावर तडफडणाऱ्याला शेजारी उभा असलेला माणूस सांगतो, “मीही याच पलंगावर होतो.” कुठल्याही न्यायाधीशाच्या किंवा डॉक्टरच्या तोंडी हे वाक्य येऊ शकत नाही.

घरच्यांना बाजूला ठेवलं नाही, हेही तेवढंच मोठं. नवरा व्यसनात असताना बायको आजारी पडते, चिडते, खोटं बोलायला शिकते, संशयाची सवय लागते. तो बरा होऊन परतला तरी तिचा आजार घरातच असतो. म्हणून ‘सहचरी’ हा बायकांचा गट झाला. उपचारानंतर पाठपुराव्याच्या बैठका वेगवेगळ्या गावांत सुरू झाल्या. व्यसन सुटून वर्ष झालं की वाढदिवस साजरा करतात, हा जन्म दुसरा. आणि पुन्हा घसरला? तर पुन्हा ये. या ‘पुन्हा ये’ला बाहेरच्या जगात फारसा मान नाही, पण अफूच्या जातीच्या व्यसनाचा स्वभावच परत येण्याचा आहे. मेंदूची घडी बिघडलेली असते, ती पाच आठवड्यांत बसत नाही.

अनिताताईंना कर्करोग झाला. त्या आजारातही काम चालू राहिलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं, संस्थेची स्वतःची इमारत झाली, बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग निघाला. गर्दच्या मुलांसाठी काढलेल्या घरात पुढे दारूचे रुग्ण अधिक येऊ लागले. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले.

आता १९८९ कडे परत जाऊ, कारण त्या एका वर्षात जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत मायामीला कोकेनच्या खटल्यांनी तुरुंग तुडुंब भरले होते. त्याच त्याच पोरांना आत टाकून, बाहेर काढून, परत आत टाकून न्यायाधीश थकले. त्या उन्हाळ्यात तिथे पहिलं व्यसनमुक्ती न्यायालय सुरू झालं, स्टॅन्ली गोल्डस्टीन हे त्याचे न्यायाधीश. त्यांच्यापुढे आरोपी एकदाच नाही, तर ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा उभा राही. लघवीची तपासणी कशी आली, नोकरी मिळाली का, उपचाराला का गेला नाहीस, हे न्यायासनावरून विचारलं जाई. उपचार पुरा झाला की खटला मिटे. आज तिकडे अशी काही हजार न्यायालयं आहेत. त्यांचे दोषही लपलेले नाहीत. घसरलेल्याला शिक्षा म्हणून चार दिवस कोठडीत टाकण्याची रीत आहे, आणि कित्येक न्यायाधीश वर्षानुवर्षं अफूच्या जातीच्या व्यसनावरची मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी औषधं घेणाऱ्याला ‘मुक्त’ मानायलाच तयार नव्हते. वैद्यकशास्त्राला त्यांनी न्यायालयाबाहेर उभं केलं आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

त्याच वर्षी दिल्लीत एनडीपीएस कायद्याची दुरुस्ती झाली, २९ मे १९८९ पासून लागू. जामीन जवळजवळ अशक्य झाला, काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा सापडल्यास फाशी. आणि याच दुरुस्तीत, फाशीच्या शेजारी, कलम ६४-अ घातलं गेलं: सेवनाच्या आरोपातला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं ते पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. अर्धवट सोडले तर सवलत काढून घेता येते. एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात किल्ली, असा तो कायदा होता. वर्तमानपत्रांना दोर दिसला. किल्ली कुणी पाहिली नाही.

२००१ मध्ये शिक्षा प्रमाणानुसार झाल्या, हेरॉईनचं ‘अल्प प्रमाण’ २५० मिलिग्रॅमवरून ५ ग्रॅमवर आलं, आणि अल्प प्रमाण सापडलेल्या व्यसनींनाही या दोन्ही कलमांचा लाभ खुला झाला. कागदावर दार आणखी रुंद झालं. पण विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीच्या अभ्यासकांनी पंजाबातले एनडीपीएसचे हजारो खटले तपासले, तेव्हा न्यायालयानं व्यसनी आरोपीला उपचाराकडे वळवल्याचं उदाहरण त्यांना मिळालं नाही. याच संस्थेनं मुंबईतले २०१७ आणि २०१८ चे खटले पाहिले. जवळजवळ सगळे स्वतःच्या सेवनाचे, बहुतेक गांजाचे. गुन्हा कबूल, थोडा दंड, मोकळा. माणूस न्यायालयात आला, कारकुनाच्या नोंदवहीत चढला आणि जसा आला तसा परत गेला. याला व्यसन आहे का, हे विचारायला कुणाकडे पाच मिनिटं नव्हती.

यात न्यायाधीशांना सरसकट दोष देणं मला बरोबर वाटत नाही. वकील कलम ३९ चा अर्जच करत नाही. व्यसनी असल्याचं कबूल करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, ही भीती आरोपीला असते. सरकारमान्य संस्था कुठल्या, याची यादी न्यायालयाच्या टेबलावर नसते. आणि जिल्ह्याच्या गावात अशी संस्था नसली, तर आदेश देऊन काय करायचं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनं सांगितलं की देशातले शंभरात दोन जण, सुमारे सव्वादोन कोटी, अफूच्या जातीचे पदार्थ घेतात. त्यात हेरॉईन आहे, तशाच औषधाच्या दुकानातल्या गोळ्या आणि बाटल्याही. म्हणजे अक्कांच्या मुलासारखेही या सव्वादोन कोटींत धरलेले आहेत.

सोलापूर जिल्ह्याला वेगळी वाट माहीत नाही असं नाही. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. कुंभारीच्याच तालुक्यातल्या मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हातभट्टीची दारू गाळली जाई. छापा पडे, बॅरल फुटत, माणसं आत जात, आठवड्यात चूल परत पेटे. सातपुते यांनी एकेक गाव एकेका अधिकाऱ्याला दत्तक दिलं. छापे चालूच ठेवले, पण सोबत बसून बोलणं, आणि भट्टी सोडली तर पोट कशावर भरायचं याचं उत्तर शोधणं. तो प्रश्न दारू गाळणाऱ्यांचा होता, पिणाऱ्यांचा नाही, आणि दारूचा होता, अफूचा नाही. तरी मला तो इथे जवळचा वाटतो, कारण खाकी वर्दीनं “हे बंद कर” म्हटल्यावर “मग काय करू?” हे ऐकून घेतलं. १९३४ च्या पाळणाघराची आठवण यावी, अशी ती गोष्ट आहे.

कुंभारीत अश्विनीचं वैद्यकीय महाविद्यालय आणि इस्पितळ आहे. सोलापुरात जिल्हा न्यायालय आहे. घरकुलात हजारो बायकांची संघटना आहे, जिला मोर्चा काढता येतो, अर्ज लिहिता येतो, दिल्लीला जाता येतं. मायामीचं न्यायालय उभारायला जे जज्ज, डॉक्टर आणि शेजार लागले, ते तिन्ही इथे दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. त्यांची आपसात ओळख मात्र नाही. कलम ३९ चा अहवाल घेऊन मुलगा न्यायालयात परत जाईल तेव्हा त्याच्यासोबत कोण जाणार, हमीपत्रावर जामीन म्हणून सही कुणाची, तीन वर्षं तो पुडीपासून लांब राहावा म्हणून संध्याकाळी त्याच्याशी कोण बोलणार, हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते गल्लीला ठरवावं लागतं.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की पोलीस दारात यायच्या आधीच आपण त्याला घेऊन गेलो, तर तो आजारी माणूस म्हणून जाईल. आणि खटला झालाच, तरी उपचार पुरे केले तर सुटायची सोय कायद्यात आहे. महिना-सव्वा महिना राहावं लागेल. नंतर बैठकांना जावं लागेल. पुन्हा चुकला तर पुन्हा.

“कुठं आहे हे?”

“पुण्याला. येरवड्यात.”

त्यांचे हात पहिल्यांदा थांबले. “जेलच्या गावात?”

“जेलच्या गावातच. पण जेल नाही.”

शेजारच्या दोघी तोवर ओट्यावर येऊन बसल्या होत्या. एक तेलुगूत काहीतरी बोलली, दुसरीनं मान हलवली. अक्कांनी पंचवीस विड्यांचा कट्टा बांधला, बाजूला ठेवला, आणि विचारलं, “पुण्याची हुतात्मा गाडी किती वाजता सुटते?”

“सकाळी साडेसहाला.”

“मग विड्या आदल्या दिवशीच कारखान्यात द्याव्या लागतील,” त्या म्हणाल्या. शेजारणीनं सूप पुढे ओढलं आणि त्यांच्या पानांतली निम्मी पानं आपल्या सुपात घेतली.